अर्धी ओळ कापलेली पलटण

मागच्या अंकात मी फ्रान्समधल्या जुन्या शिळाछाप चित्रांवर दोन पानं लिहिली होती. एकोणिसाव्या शतकात तिथं फौजेच्या रोजच्या जगण्याची थट्टा करणारी चित्रं दगडावर छापून निघत. पहारा, भाकरतुकडा, ओले बूट, सुट्टीवर आलेला शिपाई, त्याला डोळा घालणारी दाई. वाटलं होतं, हे कोण वाचतंय. पण टपाल बरं आलं. निम्म्या पत्रांत 'किंमत किती येईल' एवढंच विचारलंय. किंमत मी फोटोवरून सांगत नाही. फोटोवरून स्थळंसुद्धा फसतात. उरलेल्यांपैकी पाच पत्रं इथं घेतो. पहिल्यालाच जास्त जागा जाणार, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या माजघरात एक फ्रेम आहे. माझे आजेसासरे पहिल्या महायुद्धात फ्रान्सला होते, त्यांनी आणलेली असं घरात सांगतात. चित्रात पाण्यात उभे असलेले पुष्कळ सैनिक आहेत, डोक्यावर आडव्या टोप्या, सगळे दाटीवाटीनं. खाली फ्रेमच्या कडेला फ्रेंचमध्ये अर्धीच ओळ दिसते. भाच्यानं ती 'वू पूवे वू आस्वार' अशी वाचली आणि मोबाइलनं अर्थ सांगितला, 'तुम्ही बसू शकता'. आता आम्ही चक्रावलोय. आजवर पाहुण्यांना नेपोलियनची लढाई म्हणून सांगत होतो. हे पुरातलं मदतकार्य आहे का? आणि बसायला कोण कोणाला सांगतंय?
(एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : ताई, तुमच्या भाच्याला माझ्याकडून एक चहा. ती अर्धी ओळ त्यानं वाचली नसती तर मीही 'कुठल्याशा मोहिमेचं चित्र' म्हणून मोकळा झालो असतो.

ना पूर आहे ना नेपोलियनची मोठी लढाई. तुमच्याकडे ओग्युस्त राफे या चित्रकाराचं एक गाजलेलं चित्र आहे, निदान त्याची छापील प्रत तरी आहे. राफे 1804 साली पॅरिसमध्ये जन्मला, 1860 साली जिनोआत वारला. 1820 आणि 30 च्या दशकांत दरवर्षी त्याचा शिळाछाप चित्रांचा एक आल्बम निघायचा. पॅरिसमधले जिओ बंधू म्हणून चित्रविक्रेते होते, ते काढायचे. आपल्याकडे दिवाळी अंकाची वाट बघतात तशी लोक त्याची वाट बघत. चित्रातले शिपाई क्रांतीनंतरच्या प्रजासत्ताकाच्या फौजेतले आहेत, म्हणून त्या आडव्या टोप्या. पगार थकलेले, कपडे विटलेले, आणि दबा धरायला सांगितलाय म्हणून पाण्यात उभे.

आता पूर्ण ओळ ऐका. 'इल ए देफांदू द फ्यूमे, मे वू पूवे वू आस्वार.' म्हणजे, 'विडी ओढायला मनाई आहे, मात्र तुम्ही बसू शकता.'

कुठं बसणार? पाण्यात! शत्रूला ठिणगी दिसू नये म्हणून विडी बंद, हे समजण्यासारखं आहे. पण त्याची भरपाई म्हणून साहेब उदार मनानं बसायची परवानगी देतोय. दोन्ही वाक्यं नियमात बसणारी, दोन्हींत आवाज चढलेला नाही. सगळी गंमत त्या 'मात्र'मध्ये आहे. तुमच्या फ्रेममध्ये 'मात्र'च्या आधीचं सगळं गेलं, आणि उरली ती एखाद्या कार्यक्रमातल्या निवेदकाची विनंती. पाहुण्यांना लढाई दाखवता दाखवता तुमच्या तीन पिढ्यांनी एक चांगला विनोद भिंतीवर गप्प बसवून ठेवला, असं म्हणायला हरकत नाही.

दोष तुमचा नाही. मराठी घरात चित्राखालच्या ओळीला आपण 'नाव' म्हणतो. 'गंगावतरण', 'शकुंतला पत्रलेखन'. चित्र आधीच समजलेलं असतं, नाव नसलं तरी बिघडत नाही. फ्रेंच शिळाछापातली खालची ओळ म्हणजे नाव नव्हे, तो चित्राचा अर्धा देह. वर दिसतं ते पाणी, खाली ऐकू येतो तो हुकूम. वरचं एकटं पाहिलं तर करुण, खालचं एकटं वाचलं तर कारकुनी. दोन्ही एकत्र आली की हसू येतं.

आणि ही ओळ नेहमी चित्रकाराचीच असायची असंही नाही. ओनोरे दोमिए हा यातला सगळ्यात मोठा माणूस, आयुष्यात चारेक हजार शिळाछाप चित्रं काढली, पण त्याच्या चित्रांखालच्या ओळी बहुतेक दुसऱ्यांनी, वर्तमानपत्राच्या कचेरीत बसणाऱ्यांनी लिहिल्या. याउलट गावार्नी हा दुसरा चित्रकार स्वतःच्या ओळी स्वतः लिही. ज्याच्या हातात चित्र त्याच्या जिभेवर ओळ असतेच असं नाही, हे संपादकांना तेव्हाही माहीत होतं.

मला हे शहाणपण पैसे मोजून आलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मला शार्ले नावाच्या चित्रकाराचं एक पान मिळालं. दोन शिपाई, एक म्हातारा, एक नवखा. घरी आणून पंधरा दिवस नुसतं बघत होतो. मग एका फ्रेमवाल्याकडे टाकलं. आणायला गेलो तर चित्र चकचकीत, आणि खालची दोन बोटं कागद गायब. विचारलं, तर म्हणाला, 'सर, खाली पिवळं पडलं होतं, अक्षरं पण बारीक होती, ती घाण काढून टाकली. आता बघा कसं क्लीन दिसतंय.' मी बिल देऊन गुमान बाहेर आलो. भांडायचं तर कशावरून? त्याच्या दृष्टीनं त्यानं माझ्यावर उपकारच केले होते. त्या दोघांचं काय बोलणं चाललंय हे मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून ताई, आता काम सांगतो. फ्रेम भिंतीवरून उतरवा, पालथी करून जुन्या चादरीवर ठेवा. मागचे खिळे पक्कडीनं हळू काढा, ओढू नका. पुठ्ठा उचलला की बघा: जुने फ्रेमवाले पुष्कळदा कागद कापत नसत, खालची कडा मागे दुमडून टाकत. तुमची ओळ मधोमध अर्धी झालीय, म्हणजे फ्रेमच्या पट्टीखाली किंवा दुमडीत बाकीची असण्याची आशा आहे. दुमड दिसली तर उलगडायला जाऊ नका. एवढ्या वर्षांची घडी उघडताना कागद फुटतो, पापडासारखा. फक्त वाचा, आणि कागदाचं काम जाणणाऱ्या माणसाकडे न्या. पुठ्ठ्याखाली कसर दिसली तर घाबरू नका, ती प्रत्येक जुन्या फ्रेममध्ये असते.

प्रश्न : मामाच्या कागदपत्रांत मला एक फ्रेंच व्यंगचित्र मिळालं. गणवेशातला पोटसुटा गृहस्थ बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा आहे. पण कागद अगदी पातळ आणि मागच्या बाजूला बारीक टायपात भरगच्च मजकूर छापलाय, तो पुढून पुसटसा दिसतो. म्हणजे हे रद्दीवर छापलेलं नकली चित्र आहे का?
(मुलुंड, मुंबई)

उत्तर : नकली नव्हे, उलट मागचा मजकूर हाच त्याचा जन्मदाखला. पॅरिसमध्ये 1832 च्या 1 डिसेंबरपासून 'ल शारिवारी' नावाचं दैनिक निघू लागलं. शारिवारी म्हणजे नको असलेल्या लग्नाच्या दारात जाऊन थाळ्या-तवे बडवून केलेला गोंगाट. शार्ल फिलिपों हा त्याचा जनक. चार पानं, आणि त्यातलं एक अख्खं पान शिळाछाप चित्राचं, बहुधा तिसरं. साहजिकच त्याच्या पाठीवर चौथं पान छापलेलं. रोज नवं चित्र! आजच्या ऑफसेटच्या जमान्यातही संपादकाला घाम फुटेल, तिथं दगडावर हातानं काढून, हातानं दाबून हा उद्योग वर्षानुवर्षं चालला. लंडनचं 'पंच' 1841 साली निघालं तेव्हा त्यानं उपशीर्षकातच स्वतःला 'लंडन शारिवारी' म्हणवून घेतलं. ठाण्याहून आपलं 'हिंदू पंच' निघायचं, ते नाव त्याच वेलीवरचं.

तीच चित्रं चांगल्या जाड कागदावर, मागं कोरी ठेवूनही विकली जात. संग्राहक त्यांच्या मागं असतात. मला विचाराल तर मला मजकूरवालीच आवडतात. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला त्याच दिवशीचं पॅरिस.

खातरी करायची तर दहापट भिंग घ्या. आजच्या छापील प्रतीत सारख्या अंतरावरचे गोल ठिपके दिसतील, रांगोळीच्या कागदासारखे. खऱ्या शिळाछापात ठिपके ओबडधोबड, कुठं दाट कुठं विरळ, खरबरीत भिंतीवर कोळसा ओढल्यासारखे. दगडाला मुद्दाम दाणा आणलेला असतो, खडू त्या दाण्यांच्या टोकांवर अडकतो, त्याचीच ही खूण.

आता तो पोटसुटा गृहस्थ. हा शिपाई नाही, वाणी आहे. किंवा वकील, किंवा टोपीविक्या. लुई फिलिप राजाच्या काळात, म्हणजे 1830 ते 1848, पॅरिसमधल्या कर भरणाऱ्या नागरिकांना 'नॅशनल गार्ड'मध्ये पाळीपाळीनं पहारा द्यावा लागे. वर्दी स्वतःच्या पैशानं शिवायची. दिवसभर तराजू धरलेल्या हातानं रात्री बंदूक धरायची, आणि थंडीत चौकात उभं राहून कोणापासून कोणाचं रक्षण करतोय हे आठवत बसायचं. पाळी चुकवली तर कैद. त्या कैदखान्याला लोक 'ओतेल दे आरिको' म्हणत, सरळ मराठीत 'घेवड्याचं हॉटेल'. लेखक बाल्झाकही तिथला पाहुणचार घेऊन आला होता.

चित्रकारांनी या वाण्यांवरच एवढा जीव का टाकला, त्यालाही कारण आहे. दोमिएनं आधी थेट राजावरच हात टाकला होता. राजा खुर्चीवर बसून गरिबांच्या टोपल्यांतला पैसा गिळतोय असं अवाढव्य चित्र काढलं आणि त्यापायी 1832 साली सहा महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. 1835 च्या जुलैमध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला, सप्टेंबरात कायदा आला: कोणतंही चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी. लेखाला नाही, चित्राला! राजा हातचा गेला, मंत्री गेले. मग उरलं कोण? शेजारी. भाडेकरू, बायको, डॉक्टर, आणि पहाऱ्यावर पेंगणारा वाणी. तुमच्या मामानं कोणाला तरी जपून ठेवलंय खरं. खाली 'h. D.', म्हणजे ओनोरे दोमिएची सही, अशी दोन अक्षरं आहेत का बघा, असली तर मला पोस्टकार्ड टाका.

प्रश्न : सर, मी कलाशाखेत तिसऱ्या वर्षाला आहे. एका फ्रेंच शिळाछापात अधिकाऱ्याची तलवार उजव्या कमरेला आहे आणि कोटाची बटणंही उलट बाजूला. एवढा निष्णात चित्रकार अशी चूक करेल का?
(कोल्हापूर)

उत्तर : चूक चित्रकाराची नाही, दगडाची. तुमच्या महाविद्यालयात शिळाछापाचा दगड शिल्लक असेल तर आजच जाऊन त्याच्याशी ओळख करून घ्या, नाहीतर पायरी म्हणून वापरलेला सापडेल. मी असा एक नळाखाली बादली ठेवायला वापरलेला पाहिलाय.

तीस वर्षं मी मुलांकडून हे दगड घासून घेतले. दोन दगड एकावर एक, मध्ये वाळू आणि पाणी, आणि आठाच्या आकड्यासारखा हात फिरवायचा. पहिल्या दिवशी सगळे हौशी असतात, तिसऱ्या दिवशी खांदा धरून येतात. मग मेण, साबण, चरबी आणि काजळीच्या खडूनं चित्र काढायचं. बोट लागू द्यायचं नाही, बोटाची चरबीसुद्धा छापून येते. एका मुलीनं अगदी जिवाची मेहनत घेऊन बैलगाडी काढली होती, आभाळात स्वच्छ अंगठा उमटला. वरून डिंकाचं पाणी, त्यात नायट्रिक ॲसिडचे मोजके थेंब. मग ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की चरबी शाई धरते, ओला भाग झिडकारतो. कोरणं नाही, खोदणं नाही. तेल आणि पाण्याचं हाडवैर, त्याच्यावर सगळा संसार.

आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या नाटककारानं हे म्युनिकमध्ये शोधलं. त्यानंच सांगून ठेवलंय की 1796 साली आई धुण्याचा हिशेब लिहून घे म्हणाली, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं दगडावर लिहिलं. धुण्याच्या यादीतून एवढं निघालं! दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा, चुनखडीचा, इतका बारीक की पाणीही पितो आणि चरबीही. आपला काळा पाषाण दोन्हींपैकी काहीच पीत नाही, म्हणून तो उपयोगाचा नाही. त्याच भागातल्या खाणीत 1861 मध्ये पंखवाल्या प्राचीन जीवाचा सांगाडा सापडला, त्याच्या शास्त्रीय नावातसुद्धा 'लिथोग्राफिका' आहे. राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढं तो मळवलीला नेला, त्यांची लक्ष्मी-सरस्वतीही अशाच जर्मन दगडांवरून घराघरांत गेली.

आता तलवार. दगडावर डावीकडे काढलेलं कागदावर उजवीकडे येतं. तलवार डाव्या कमरेला असते, उजव्या हातानं उपसता यावी म्हणून. चित्रकारानं दगडावर सरळ काढली तर छापून ती उजव्या कमरेला जाणार, आणि अख्खी पलटण डावखुरी होणार. सावध चित्रकार दगडावर सगळं उलटं काढत, समोर आरसा ठेवून. पण रोज एक चित्र द्यायचं असेल तर कोण आरसा धरतो? घाईतल्या दैनिकात डावखुरे अधिकारी पुष्कळ निघाले.

गंमत पुढंच आहे. खालची ओळही उलटी लिहावी लागे, आणि ती उलटी होऊन चालत नाही, वाचता यायला हवी. म्हणून दगडावर उलटी अक्षरं लिहिणारे खास कारागीर असत. चित्र एकाचं, शब्द दुसऱ्याचे, अक्षर तिसऱ्याचं. आपल्याकडे गणपत कृष्णाजींच्या शिळाप्रेसच्या काळापासून पंचांगं, पोथ्या दगडावर छापल्या गेल्या. तिथं बहुधा खास कागदावर मेणचट शाईनं सुलटं लिहून ते दगडावर उतरवून घेत, म्हणजे दगडावर आपोआप उलटं आणि कागदावर पुन्हा सुलटं. एकदा आपलं नाव दगडावर उलटं लिहून बघा. त्या तिसऱ्या माणसाला मुजरा कराल.

प्रश्न : फ्रेंच शिपायांच्या विजारी लाल का? थट्टेसाठी रंगवल्यात का?
(बडोदे)

उत्तर : नाही हो, खऱ्याच लाल. 1829 पासून पायदळाला लाल विजार आली. रंग 'गारांस'चा, म्हणजे आपल्या मंजिष्ठाच्या भावकीतल्याच एका मुळाचा. दक्षिण फ्रान्समध्ये त्याची शेती होती, तिलाही आधार मिळाला. 1868 साली दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि शेती बसली. विजार मात्र लालच राहिली. 1914 साली फ्रेंच पायदळ मशीनगनसमोर गेलं ते याच विजारींत.

ही चित्रं दगडावरून काळ्या शाईत निघत आणि हवी असल्यास वरून हातानं जलरंग चढवत. तेव्हा लाल रंग रेषेबाहेर सांडलेला दिसला तर तो दोष समजू नका. आणि पाण्यातल्या त्या प्रजासत्ताकी शिपायांच्या विजारी कोणी लाल रंगवल्या असतील, तर रंगवणाऱ्याचा काळ चुकलाय. साताऱ्याच्या ताईंनी बघून ठेवावं.

प्रश्न : आपल्या मागच्या लेखाचा मी निषेध करतो. मी 24 वर्षं नोकरी करून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सैनिक थंडीवाऱ्यात उभा असतो तेव्हा तुम्ही घरी झोपता. त्याची चेष्टा करणारी चित्रं तुम्ही 'रत्नं' म्हणून छापता. फ्रेंच लोकांना लाज नसेल, आपल्याला असावी.
(कराड तालुका)

उत्तर : साहेब, राम राम. पत्र दोनदा वाचलं. माफी मागणार नाही, पण उत्तर नीट देतो.

ज्याचं चित्र माझ्या फ्रेमवाल्यानं छाटलं तो निकोला-तूसँ शार्ले, ही जातकुळी सुरू करणाऱ्यांपैकी एक. 1792 चा जन्म, बाप क्रांतीच्या फौजेत घोडेस्वार. स्वतः शार्ले पॅरिसच्या एका नगर कचेरीत कारकून. 1814 साली शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला तेव्हा क्लिशीच्या नाक्यावर तो बंदूक घेऊन लढला. नेपोलियन गेला, राजे परत आले, आणि 1816 मध्ये नेपोलियनवादी म्हणून त्याची नोकरी गेली. मग त्यानं चित्रकला धरली. त्याचे शिपाई म्हणजे अर्ध्या पगारावर घरी बसवलेले, खानावळीत बसून जुन्या मोहिमा सांगणारे, नव्या पोरांना विडी मागणारे. राफे त्याच्याच हाताखाली शिकला.

तुमच्या तक्रारीच्या नेमकी उलटी तक्रार कवी बोदलेरनं 1857 साली केली होती. त्याचं म्हणणं, शार्ले शिपायाची चेष्टा करत नाही, तर त्याची खुशामत करतो, सगळं जग वाईट आणि शिपाई तेवढा चांगला असं दाखवतो. म्हणजे एक म्हणतो चेष्टा, दुसरा म्हणतो खुशामत. चित्र एकच. थोडं खरं बोदलेरचंही आहे. याच चित्रांतून आणि 1831 च्या एका हलक्याफुलक्या नाटकातून 'शोव्हँ' नावाचा भोळा, उठसूट देशाच्या नावानं छाती बडवणारा शिपाई लोकांच्या तोंडी बसला. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'शॉव्हिनिझम' त्याचाच. ती थट्टा शिपायाची होती, हे मी कबूल करतो.

दुसरा एक चित्रकार होता 'कॅम'. खरं नाव आमेदे द नोए, सरदार घराण्यातला. नोए म्हणजे बायबलमधला नोहा, आणि नोहाच्या एका मुलाचं नाव हाम, फ्रेंचमध्ये कॅम, म्हणून हे टोपणनाव. बाप नोहा तर मी कॅम, असा पोरकट विनोद आणि आयुष्यभर तोच सहीला. या कॅमच्या वडिलांनी हिंदुस्थानात इंग्रजांच्या फौजेत चाकरी केली होती आणि इथूनच निघालेल्या सैन्याबरोबर ते इजिप्तला फ्रेंचांशी लढायला गेले होते. घरच्या जेवणात काय गप्पा होत असतील, कल्पना करा. कॅमनं नेपोलियन तिसऱ्याच्या काळात शालोंच्या लष्करी छावणीची चित्रं काढली. तंबू, धूळ, सूप, आणि छावणी बघायला सहकुटुंब येणारे शहरी लोक. त्या चित्रांत हसं व्हायचं ते बहुतेक बघायला आलेल्यांचं.

आणि पाण्यातलं ते चित्र? तुम्हीच सांगा, तिथं हसू कोणावर येतं? उभ्या असलेल्यांवर, की बसायची परवानगी देणाऱ्यावर?

माझे वडीलही पलटणीत होते. हवालदार म्हणून घरी आले. बोलणं कमी, सकाळी पाचला दाढी, बुटाला रोज पॉलिश, गावात कुठं जायचं नसलं तरी. राफेच्या चित्राची एक छापील प्रत मी त्यांना दाखवली होती, ते ऐंशीच्या घरात असताना. वरचं चित्र त्यांनी चष्मा वर करून निरखलं. कोणाचा पट्टा कसा, कोणाची बंदूक पाण्याच्या वर आहे, ते बोटानं तपासलं. बंदुका वर आहेत म्हणून मान हलवली. मग मी खालची ओळ मराठीत सांगितली, जरा नाटकी आवाजात: 'विडी ओढायला मनाई आहे. मात्र तुम्ही बसू शकता.'

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. चित्रात मागच्या रांगेतली तोंडं पुन्हा एकेक बघितली आणि म्हणाले, 'बसला असणार कोणीतरी.'